वस्तू गेली कशी, गेली कुणाकडे: मालमत्तेचे गुन्हे आणि ते करणारे

एक मोबाइल फोन घ्या. टेबलावर राहिलेला कुणी गुपचूप उचलला, तर ती चोरी. चालत्या माणसाच्या हातातून हिसका मारून पळवला, तर हिसकावून नेणं. चाकू दाखवून घेतला, तर जबरी चोरी. कुलूप तोडून, घरात शिरून कपाटातून काढला, तर घरफोडी. दुरुस्तीला दिलेला फोन दुरुस्ती करणाऱ्यानेच परस्पर विकला, तर विश्वासघाताने अपहार. ‘पैसे पाठवले’ असा खोटा संदेश दाखवून विकत नेला, तर फसवणूक. ‘फोन दे, नाहीतर तुझे फोटो पसरवीन’ असं धमकावून घेतला, तर खंडणी. आणि रस्त्यात सापडलेला फोन, मालक त्यावर सारखा फोन करत असतानाही बंद करून खिशात घातला, तर तोही अपहारच.

मालकाचं नुकसान आठही वेळा तेवढंच. तरी कायद्याच्या आणि तपासाच्या दृष्टीने हे आठ निरनिराळे प्रसंग आहेत, कारण प्रत्येकात वस्तू मालकाच्या हातून सुटण्याची रीत निराळी आहे. नाव शोधायचं तर दोन गोष्टी विचारायच्या. वस्तू जाताना ती कुणाच्या ताब्यात होती? आणि मालकाची संमती होती का, असली तर ती कशी मिळवली? चोरीत संमतीच नसते. फसवणुकीत ती खोट्याच्या आधारे मिळवलेली असते, खंडणीत भीतीने उकळलेली असते. अपहारात वस्तू सुरुवातीला अगदी रीतसर हातात आलेली असते, पाप नंतर मनात येतं.

चोरीची व्याख्या वाटते त्याहून काटेकोर आहे. वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, संमतीशिवाय घेतलेली हवी, हेतू अप्रामाणिक हवा आणि ती जागची हलवलेली हवी. उभं झाड जमिनीला धरून आहे तोवर त्याची चोरी होत नाही. ते तोडून जमिनीपासून सुटं केलं की होते. चोराने वस्तू दाराबाहेर नेलीच पाहिजे असंही नाही. अप्रामाणिक हेतूने जागची हलवली, तिथेच गुन्हा पुरा झाला.

हेतू कायमचा हवा की तात्पुरता चालतो, यावर मात्र देशोदेशीचे कायदे वेगळे बोलतात. भारतीय कायद्यात थोड्या वेळासाठी नेलेली वस्तूही चोरीत मोडू शकते. इंग्लंडच्या कायद्याला मालकाला कायमचं वंचित करण्याचा हेतू लागतो. त्यामुळे तिथे मोठी पंचाईत होती: पोरं दुसऱ्याची मोटार काढून रात्रभर हिंडायची, पहाटे कुठेतरी सोडून द्यायची आणि ‘आम्हाला ठेवायची कुठे होती?’ म्हणायची. शेवटी मालकाच्या परवानगीशिवाय वाहन नेण्याचा वेगळाच गुन्हा कायद्यात घालावा लागला.

चोरी आणि अपहार यांतली रेघही अशाच एका पेचातून आली. १४७३ साली इंग्लंडमध्ये एका व्यापाऱ्याने मालाचे गठ्ठे पोचवण्यासाठी एका वाहतूकदाराच्या हवाली केले. त्याने ते वाटेत फोडून आतला माल लांबवला. न्यायाधीशांपुढे प्रश्न असा, की माल मालकानेच त्याच्या हाती दिला होता, मग चोरी कशी म्हणायची? त्यांनी काढलेली तोड वकिली बुद्धीचा नमुना आहे: गठ्ठा त्याच्या ताब्यात दिला होता, गठ्ठ्यातला माल नव्हे; गठ्ठा फोडला त्या क्षणी चोरी झाली. ही पळवाट काही शतकं पुरली. पुढे कारकून, एजंट, विश्वस्त यांच्या हातून मोठमोठ्या रकमा फिरू लागल्या, तेव्हा अपहारासाठी स्वतंत्र कायदे करणं भागच पडलं.

जबरी चोरीबद्दल एक गैरसमज नेहमीचा. घर फोडून लाखोंचा ऐवज नेला की लोक म्हणतात, ‘दरोडा पडला’. पण जबरी चोरीला माणूस समोर लागतो. वस्तू घेण्यासाठी किंवा ती घेऊन पळण्यासाठी मारहाण, धाक किंवा अडवणूक झाली, तर चोरीची जबरी चोरी होते. भारतीय कायद्यात असं करणारे पाच किंवा अधिक असले की तो दरोडा. रिकाम्या घरातून कितीही मोठा ऐवज गेला तरी ती घरफोडीच. हा फरक नुसता शब्दांचा नाही. अमेरिकेची तपास संस्था एफबीआय आपल्या आकडेवारीत घरफोडी, चोरी, वाहनचोरी आणि जाळपोळ यांना मालमत्तेचे गुन्हे धरते आणि जबरी चोरी हिंसक गुन्ह्यांच्या रकान्यात टाकते, कारण तिथे पणाला लागतो तो माणूस.

घरफोडी: आत शिरण्याआधीच निम्मं काम

घरफोड्याचं लोकांच्या डोक्यातलं चित्र म्हणजे महिनाभर रेकी करणारा, हातमोजे घातलेला कारागीर. असे असतात, पण थोडे. रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात, तुरुंगातल्या नव्हे तर बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या, चालू धंद्यातल्या १०५ घरफोड्यांशी बोलून १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांना त्या दिवशी, त्या घडीला रोख पैसा हवा होता: नशेसाठी, जुगारासाठी, चैनीसाठी, देणं फेडण्यासाठी. घर निवडताना ते मुख्यतः तीन गोष्टी बघत. आत काही मिळेल का, आत कुणी आहे का, आणि शिरताना-निघताना कुणी बघेल का. कुलपाचा क्रमांक त्यानंतर.

आत गेल्यावर पावलं ठरलेल्या वाटेने पडतात. पहिली खोली मुख्य शयनगृहाची, कारण रोकड, दागिने, शस्त्र माणूस झोपतो तिथेच ठेवतो. कपाटाचे खण, गादीखाली, कपड्यांच्या घडीत. हे काही मिनिटांचं काम, कारण प्रत्येक जास्तीचं मिनिट पकडलं जाण्याची शक्यता वाढवतं. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ विद्यापीठातल्या क्लेअर नी यांनी पूर्वाश्रमीचे घरफोडे आणि विद्यार्थी यांना एकाच घरात ‘चोरी’ करायला लावली, खऱ्या घरात आणि संगणकावर उभ्या केलेल्या घरातही. सरावलेल्यांची वाट आखीव होती, ते मोलाच्या जागी जास्त रेंगाळले आणि लहान पण किमती वस्तूंकडे वळले. सराईत चालक गिअर टाकताना विचार करत नाही, तसंच हे. आपण ‘इथे कुणाला सुचणार नाही’ म्हणून निवडलेली जागा सहसा इतर शंभर घरांतही तीच असते, हे त्याला ठाऊक असतं.

आता दाराकडे बघू. बहुतेक दारं कुलपात फुटत नाहीत, चौकटीत फुटतात. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी पुष्कळदा दोन सेंटिमीटरच्या दोन स्क्रूंवर टेकलेली असते. जोरदार लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं आणि चौकटीचं लाकूड चिरतं. तीच पट्टी सात-आठ सेंटिमीटरच्या स्क्रूंनी चौकटीतून थेट भिंतीपर्यंत धरली आणि जीभ निदान २५ मिलिमीटर आत जाणारी असली, तर लाथेचं काम कटावणीवर जातं. कटावणीला वेळ लागतो, आवाज होतो. बाहेरून कडीकोयंडा असलेल्या दारात वेगळीच गंमत. कुलूप महागडं, पण कोयंड्याचे स्क्रू बाहेरून उघडे. पंचनाम्यात मग ‘कडीकोयंडा उचकटून’ हेच शब्द येतात आणि महागडं कुलूप कोयंड्याला तसंच लटकलेलं सापडतं. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे घरात कुणी नाही याची पाटीच. ज्या कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, दाराच्या पट्टीबाहेर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावतो, तो पकडीत धरून मोडता येतो. तिथे योग्य लांबीचा सिलिंडर बसवणं एवढाच उपाय.

इंग्लंड-वेल्समधल्या घराघरांच्या पाहणीतून एक उपयोगी गोष्ट निघाली आहे. खिडक्यांना कुलूप, ठरावीक वेळी आपोआप लागणारा आतला दिवा, दाराला दुहेरी किंवा जीभ अडकून राहणारं कुलूप आणि बाहेरचा दिवा, हे चार साधे उपाय एकत्र असले की संरक्षण कित्येक पटींनी वाढतं. नुसत्या भोंग्यावर, म्हणजे अलार्मवर, विसंबणाऱ्यांच्या पदरी त्या मानाने फार कमी पडलं. आम्हाला विचाराल तर पैसे थोडेच असतील तेव्हा ते आधी चौकटीत आणि खिडकीच्या कडीत घाला, कॅमेऱ्यात नंतर. चोरी झाल्यावर कॅमेरा उपयोगी पडतो. चोरी होऊ नये यासाठी दार उपयोगी पडतं.

घरफोडीबाबत सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा म्हणजे ती परत होते. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या कर्कहोल्ट वस्तीत अभ्यास झाला, तेव्हा एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याचा धोका इतर घरांच्या चौपट निघाला. कारण उघड आहे. चोराला वाट कळलेली असते, मागे राहिलेला माल आठवत असतो आणि नेलेल्याच्या जागी नवं येणार हेही माहीत असतं. कर्कहोल्टमध्ये नाणी टाकून चालणारी वीज-गॅसची मीटरं काढली (ती म्हणजे भिंतीवर टांगलेला गल्लाच होता), फुटलेल्या घरांची दारं-खिडक्या ताबडतोब मजबूत केल्या आणि लगतच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. घरफोड्या झपाट्याने खाली आल्या. पुढच्या संशोधनात असंही दिसलं, की एक घर फुटलं की सुमारे ४०० मीटरच्या आतल्या घरांचा धोका दोनेक महिने वाढलेला राहतो. म्हणजे शेजारच्या घरी चोरी झाली, तर त्यांच्याकडे जाऊन हळहळण्याबरोबरच ते कुठून शिरले हे बघायचं आणि आपल्याकडे तीच फट आहे का ते त्याच दिवशी तपासायचं.

वाहनं: एकच गुन्हा, तीन धंदे

वाहनचोरीत तीन जातींची माणसं भेटतात. भटकंतीसाठी नेणारी पोरं. गाडी सुटी करून भाग विकणारे. आणि अख्खी गाडी नव्या कागदपत्रांवर किंवा सीमेपार विकणारे. पहिल्या जातीची गाडी बहुधा दोन-चार दिवसांत सापडते, दुसऱ्याची सांगाडा होऊन सापडते, तिसऱ्याची सापडत नाही. चोरीला गेलेल्या गाड्यांपैकी सापडण्याचं प्रमाण घसरलं, तर समजावं की पोरं कमी झाली आणि धंदेवाले वाढले.

संधी केवढी निर्णायक असते याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पश्चिम जर्मनीतून आला, तोही अनवधानाने. तिथे दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं होतं, पण न घालणाऱ्याला दंड १९८० पासून सुरू झाला. हेतू अपघातात डोकी वाचवण्याचा. झालं असं, की त्या वर्षी सुमारे दीड लाख असलेल्या दुचाकीचोऱ्या १९८६ पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास आल्या. हातात हेल्मेट घेऊन कोणी सहज हिंडत नाही. आणि समोर दिसली म्हणून दुचाकी पळवणारा बोडक्या डोक्याने निघाला की पहिल्याच चौकात अडवला जायचा. ‘इथे नाही जमलं तर चोर दुसरीकडे वळणारच’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो, पण ती घट भरून निघेल इतक्या मोटारी काही वाढीव चोरीला गेल्या नाहीत.

स्टिअरिंगच्या कुलपाची गोष्ट याला जोडून. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना सक्तीचं केलं आणि चोऱ्या घसरल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या मोटारींना केलं, तर चोर जुन्या मोटारींकडे वळले. उपाय तोच, अर्धवट लावला म्हणून फळ अर्धवट. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर आणला. किल्लीतली चीप जुळली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. तारा जोडून गाडी पळवणाऱ्या हौशी पोरांचा बाजार त्याने जवळजवळ उठवला. उरले ते अभ्यासू. बिनचावीच्या, म्हणजे किल्ली नुसती जवळ आली की उघडणाऱ्या, गाडीची किल्ली घरात खुंटीवर असते. दोघा चोरांतला एक किल्लीचा क्षीण रेडिओ संदेश यंत्राने पुढे ढकलतो, दुसरा गाडीपाशी उभा असतो आणि गाडीला वाटतं किल्ली जवळच आली. यावर तोडगा साधा आहे. किल्ली रेडिओ लहरी अडवणाऱ्या पाकिटात ठेवायची, किंवा स्थिर असताना संदेश बंद करणारी किल्ली घ्यायची. पाकीट झिजतं आणि गळू लागतं, म्हणून अधूनमधून किल्ली त्यात घालून गाडीपाशी जाऊन बघावं. दार उघडलं तर पाकीट बदलायचं.

दुकानातली उचलेगिरी

मेरी ओवेन कॅमेरॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शिकागोमधल्या दुकानांत पकडलेल्यांच्या नोंदी तपासून १९६४ मध्ये दोन गट पाडले. एक विकण्यासाठी उचलणारे, दुसरे स्वतःच्या वापरासाठी उचलणारे. दुसरा गट संख्येने कितीतरी मोठा. यातली माणसं स्वतःला चोर मानत नाहीत. पकडल्यावर ‘मी पैसे देणारच होते’, ‘घरी कळवू नका’ अशी विनवणी करतात, आणि एकदा चोर म्हणून समोर उभं राहावं लागलं की बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पहिला गट पकडलं जाणं हा धंद्यातला खर्च समजतो. दोघांना एकच औषध दिलं की ते एकाला फार कडू होतं आणि दुसऱ्याला लागतच नाही.

दुकानदाराच्या हिशेबात कमी भरणारा माल मात्र सगळा गिऱ्हाइकांनी नेलेला नसतो. त्यात कर्मचाऱ्यांनी नेलेला असतो, पुरवठादाराने कमी पाठवून पुऱ्याचं बिल लावलेला असतो आणि नोंदी चुकल्यामुळे ‘गेलेला’ पण प्रत्यक्षात मागच्या फळीवर पडलेलाही असतो. माल उतरवताना पेटी उघडून मोजण्याचा कंटाळा केला, तर चोर भलत्याच दारात शोधला जातो.

आतला माणूस

डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये जो आकृतिबंध मांडला तो लेखापरीक्षक आजही वापरतात. तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: कुणाला सांगता न येण्यासारखी पैशाची अडचण, ती गुपचूप सोडवण्याची संधी, आणि मनाची समजूत. समजूत बहुधा एकाच शब्दाची असते: ‘उसने’. महिनाअखेरीस परत ठेवायचे आहेत. अशा माणसाची पूर्वीची नोंद स्वच्छ असते. तशी होती म्हणून तर तिजोरीची किल्ली त्याच्याकडे दिलेली असते.

हे ‘उसने’ कसं चालतं ते एका नेहमीच्या पद्धतीत बघा. सोमवारी पहिल्या ग्राहकाने १० हजार रोख भरले, कारकुनाने खिशात घातले. बुधवारी दुसऱ्याने १२ हजार भरले. त्यातले १० पहिल्याच्या खात्यावर जमा दाखवले, उरलेले २ दुसऱ्याच्या. आता दुसऱ्याच्या नावावर १० येणे दिसतात. शुक्रवारी तिसऱ्याचे १५ आले: १० दुसऱ्याला, ५ तिसऱ्याला. भोक तेवढंच, १० हजारांचं, फक्त दर दोन दिवसांनी ते नव्या नावाखाली सरकतं. रक्कम वाढत गेली की सरकवायची खाती वाढतात आणि कारकुनाला एक दिवसही जागा सोडता येत नाही, कारण बदली माणसाने आलेली रक्कम ज्याची त्याच्या नावावर टाकली तर साखळी तिथेच तुटते. कधीच रजा न घेणारा, सगळ्यात आधी येणारा, आपलं टेबल दुसऱ्याला हात लावू न देणारा कर्मचारी कधीकधी खरोखर निष्ठावंत असतो, कधीकधी नसतो. म्हणून बँका त्याला वर्षातून सलग काही दिवस सक्तीने रजेवर पाठवतात आणि त्या काळात काम दुसऱ्याकडे देतात. दुसरी तपासणी याहून स्वस्त आहे. पावतीवरची तारीख आणि बँकेत भरणा झाल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा आणि ग्राहकांना येणे-बाकीचं पत्रक पैसे घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवा.

फसवणुकीत याच्या उलट, माणूस बाहेरचा असतो आणि दार आपण उघडतो. फोनवरचा ‘अधिकारी’ घाई लावतो, गुप्तता पाळायला सांगतो आणि रक्कम आपल्याच हातून पाठवायला लावतो. बँकेच्या यंत्रणेला तो व्यवहार अस्सल दिसतो, कारण तो अस्सलच असतो. पैसा पुढे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फुटत जातो. म्हणून ‘घरी आधी कसं सांगू’ या विचारात घालवलेला पहिला तास सगळ्यांत महागात पडतो. आधी बँकेला फोन, मग बाकीचं.

जाळपोळ आणि नासधूस हेही मालमत्तेचेच गुन्हे, पण त्यांत वस्तू कुणाकडेच जात नाही. त्यामागे सूड, विम्याची रक्कम, दुसरा गुन्हा झाकणं किंवा नुसती गंमत असते. विम्यासाठी आग लावणारा बहुधा एका गोष्टीत सापडतो: जळालेल्या घरात फोटो, कागदपत्रं, आवडत्या वस्तू यांची राखसुद्धा मिळत नाही, कारण त्या आदल्या आठवड्यातच हलवलेल्या असतात.

चोर किती, आणि त्यांचा माल घेतो कोण

फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या ९,९४५ मुलांच्या पोलिसी नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. पाच किंवा अधिक वेळा नोंद झालेले होते ६२७, म्हणजे सुमारे सहा टक्के. पण सगळ्या मुलांच्या मिळून जितक्या नोंदी होत्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक या सहा टक्क्यांच्या. बाकीचे एकदा-दोनदा अडखळून बाजूला झाले. मालमत्तेच्या गुन्ह्यांचा जोर पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात असतो आणि वयाबरोबर ओसरतो. नोकरी, लग्न, थकवा, काहीही कारण असो. याचा अर्थ ‘चोर’ नावाची जात नाही. भुरटे पुष्कळ, सराईत थोडे, आणि आकडे फुगवतात ते थोडे.

पण भुरटा असो की सराईत, चोरलेला फोन कुणालाही खाता येत नाही. तो कुणीतरी विकत घ्यावा लागतो, तोही लवकर, कारण माल जवळ असेपर्यंत पुरावाही जवळच असतो. या घाईमुळे चोराच्या हाती खऱ्या किमतीच्या निम्म्याहून खूप कमी पडतं. फरक जातो घेणाऱ्याकडे.

या घेणाऱ्याला काय साधतं ते लंडनच्या जोनाथन वाइल्डने दाखवलं. चोरीला गेलेल्या वस्तू शोधून देणारा म्हणून त्याची ख्याती. मालक येत, वर्णन देत, बक्षीस ठरे, वस्तू परत मिळे. वस्तू त्याच्याच टोळ्यांनी चोरलेल्या असत. जो चोर ऐकत नसे त्याला तो पकडून फासावर पाठवी, म्हणजे सरकारदरबारीही वजन. बक्षीस घेऊन, चोराला न पकडवता, चोरीचा माल परत करणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा आधीच झाला होता; लेसच्या चोरीत त्याच कायद्याने तो अडकला आणि १७२५ च्या मे महिन्यात फाशी गेला.

कोणती वस्तू चोरीला जाईल हेही घेणाऱ्यावरच ठरतं. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या वाढत्या घरफोड्यांचं कारण शोधताना वस्तूंच्या वजनाची सूची चाळली. १९६० मधला सर्वांत हलका दूरचित्रवाणी संच सुमारे १७ किलोचा, १९७० मधला सुमारे ७ किलोचा. त्याच काळात दिवसा रिकामी राहणारी घरं वाढली होती. चोरी करायला तयार माणूस, नेण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, तिन्ही एकाच जागी एकाच वेळी आले की गुन्हा घडतो, ही त्यांची मांडणी. यात माणसाच्या स्वभावाला हात न लावता उरलेल्या दोन गोष्टी बदलता येतात, म्हणून ती पोलिसांना आवडते. बाजार चढला की वस्तू बदलते. तांब्याचा भाव वाढला की केबल जातात. मोटारीच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असतं, ऱ्होडियम २०२१ मध्ये शिखरावर गेलं त्या काळात हे कन्व्हर्टर कापून नेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. गाडी तशीच, फक्त सुरू केली की ट्रॅक्टरसारखी गरजते. मालकाला चोरी कळते ती आवाजावरून.

उलटही होतं. मालकाच्या पासवर्डशिवाय पुन्हा सुरू न होणारे फोन २०१३ पासून आले आणि चोरलेल्या अख्ख्या फोनचं मोल पडलं. मग तो सुटा करून पडदा, कॅमेरा विकले जाऊ लागले; आणि काही चोर फोन उघडा असतानाच हिसकावू लागले, कारण आता फोनपेक्षा आतलं बँकेचं अ‍ॅप मोलाचं. हातात उघडा फोन धरून रस्त्याच्या कडेला उभं राहणं म्हणजे उघडं पाकीट धरून उभं राहणं. बँकेच्या अ‍ॅपला फोनपेक्षा वेगळा पिन ठेवावा आणि फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक (*#०६# दाबल्यावर दिसतो) फोनबाहेर कुठेतरी लिहून ठेवावा. तक्रार देताना तोच मागतात.

जुनी वस्तू घेताना हाच धागा आपल्या हातात येतो. फोन घेत असाल, तर आपल्यासमोर विकणाऱ्याकडून मालकाचं खातं काढून टाकायला सांगा; ‘पासवर्ड आठवत नाही’ म्हणाला की तिथेच थांबा. गाडी असेल, तर चासीवर ठोकलेला क्रमांक बोट फिरवून बघा. मूळ अंक एका रांगेत, एका खोलीचे असतात. घासून पुन्हा ठोकलेल्या जागी पत्रा पातळ लागतो, रंगाची छटा वेगळी दिसते. काच, दाराची चौकट आणि कागदपत्रं यांवरचा क्रमांक एकच आहे का पाहा. पैसे खात्यात द्या, पावतीवर वस्तूचा क्रमांक आणि विकणाऱ्याची ओळख लिहून घ्या. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात याला उत्तर होतं: हरवलेली वस्तू ज्याच्याकडे सापडली, त्याने विकणारा आणि व्यवहाराचे साक्षीदार उभे करावेत. उभे करता आले तर विकणारा चोर. नाही आले, आणि मालकाने वस्तू आपली असल्याचे साक्षीदार आणले, तर घेणाराच चोर.